दहाव्यापर्यंतचा खड्डा

बायको गेली त्यानंतरच्या दहा दिवसांतले सात दिवस मी उत्साहात होतो. हे वाक्य लिहून मी पेन खाली ठेवलं आणि दोन दिवस वहीला हात लावला नाही. पण दुसरा शब्द सापडत नाही. सकाळी डोळा उघडला की अंगात तरतरी असायची. चहाची वाट न पाहता मी मागच्या दारानं बाहेर जायचो, आणि कालचं काम कुठवर आलंय ते बघून मला बरं वाटायचं. नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. पुस्तकांच्या गठ्ठ्याहून जड काही उचललं नाही. त्या सात दिवसांत मी घण चालवला.

आमचं घर पडेगावला आहे. आम्ही बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. स्वयंपाकघराच्या खिडकीमागं थोडी मोकळी जागा सोडलेली, आणि तिथं तिला एक झाड हवं होतं. खिडकी पश्चिमेची. दुपारी तीननंतर ऊन थेट ओट्यावर यायचं आणि ती डोक्यावर पदर घेऊन भाकरी थापायची, घरात असून. सतरा वर्षांत तिनं तिथं चार झाडं लावली. आधी लिंबू. मग दौलताबादच्या रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून आणलेलं पेरूचं कलम. मग मोसंबी. शेवटी शेवगा, जो नुसती फांदी खोचली तरी येतो. प्रत्येक झाड दोनेक वर्षं बरं चालायचं आणि मग एखाद्या पावसाळ्यात पानं पिवळी करून उभ्या उभ्या वाळायचं. शेवगा गेल्यावर गल्लीतल्या बायका म्हणाल्या, हिच्या हाताला झाड येत नाही. काही दिवसांनी तीही तसंच म्हणू लागली. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं या वाक्याला घरात आणखी एक धार होती. तिच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

शेवटची दोन वर्षं रंगाच्या एका रिकाम्या बादलीत जांभळाचं रोप वाढत होतं. कन्नडच्या बाजारातून आणलेल्या जांभळांच्या बिया तिनं त्या बादलीत टाकल्या होत्या आणि त्यातली एक उगवली. रोप माझ्या छातीला लागलं तरी तिनं ते जमिनीत लावलं नाही. माहेरी तिच्या वडिलांची राख नदीत न सोडता शेतात खड्डा करून पुरली होती आणि वर आंबा लावला होता. ते तिला फार पटलं होतं. आजारपणात एकदा म्हणाली, "माझंही तसंच करा. खिडकीमागं, हे जांभूळ. तेव्हा लावणारा हात माझा नसणार, म्हणजे जगंल."

तिसऱ्या दिवशी आम्ही राख सावडून आणली. अस्थींचं एक लहान गाडगं आणि राखेचं एक मोठं. अस्थी दहाव्याला पैठणला न्यायच्या, हे ठरलेलंच होतं. राखेचा खड्डा लगेच करायचा म्हणून माझ्या थोरल्या भावानं धोतर वर खोचलं आणि खिडकीमागं पहार मारली. हातभर माती निघाली आणि पहार अडली. त्यानं जागा जरा बदलून मारली. तिथंही अडली.

"खडक हाय," दादा म्हणाला. "तिकडं कुंपणाकडं लाव की. झाड ते झाड."

"तिनं इथं सांगितलंय."

"अरे, तिला काय माहीत खाली खडक हाय म्हणून?"

मला वाद घालता येत नाही, मी नुसता उभा राहतो. लहानपणापासून दादाला याचाच राग येतो. शेवटी त्यानं पहार भिंतीला टेकवली.

"बरं. दहाव्यापर्यंत काय करायचं ते कर. दहाव्याला सकाळी मी गाडी घेऊन येतो. तवर झालं तर झालं, नायतर राखसुद्धा पैठणला. अशी टांगून ठेवायची वस्तू नाय ती."

तो गावी गेला. गाडगी घरात नेत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात, आणि आमच्या आवारात टांगायला झाडच नव्हतं. शेवटी शेजारच्या चाचांच्या कडुनिंबाची जी फांदी भिंतीवरून आमच्याकडं येते, तिला पांढऱ्या फडक्यात बांधून दोन्ही टांगली.

चाचांनी उमेदीची सगळी वर्षं सेंट्रिंगच्या कामात घालवली. आता गुडघ्यांनी बसवलंय. चौथ्या दिवशी सकाळी मी एकटाच पहार मारत होतो, तेव्हा भिंतीवरून त्यांचं डोकं दिसलं.

"सर, पत्थर नहीं है वो."

"मग?"

"पत्थर टन करता. ये ठस करता. सिमिट है नीचे. बाजू हटो, मैं आताऊँ."

ते आले, एक रिकामी बादली उलटी करून तिच्यावर बसले आणि बसल्या जागेवरून हुकूम सोडू लागले. इथली माती काढा, तिथली काढा. दुपारपर्यंत आम्ही वरची सगळी माती आणि मुरूम बाजूला केला. आम्ही म्हणजे मी, आणि तिची धाकटी बहीण, जी कन्नडहून आली होती आणि तेराव्यापर्यंत राहणार होती. खाली काँक्रीट होतं. दोन बाजा शेजारी शेजारी टाकाव्यात एवढं, मधे खोल आणि कडांना वर आलेलं.

चाचा बराच वेळ बघत राहिले. "किसी ने कढाई गाड के रखी है, सर," ते म्हणाले. "बारिश का पानी इसमें बैठता. जड़ सड़ती. झाड क्या करेगा बेचारा?"

कडेला विटांचे भिजून मऊ झालेले तुकडे चिकटले होते. ते दिसले आणि मला सगळं आठवलं. पण त्या दिवशी मी काही बोललो नाही.

काँक्रीट कसं फोडायचं ते मी चाचांकडून शिकलो. मी आधी घण घेऊन मधोमध मारत सुटलो होतो. दहा घावांत हातांना मुंग्या आल्या आणि काँक्रीटवर पांढरा ठिपका उठला, एवढंच.

"बीच में मारना नक्को," चाचा म्हणाले. "बीच में मारे तो सिमिट हँसती. किनारा पकडो. नीचे की मट्टी निकालो, उसका पेट खाली करो. फिर ऊपर से एकच मारो, बस. और लोहा नहीं दिखता इसमें, किस्मत अच्छी है."

मग आम्ही कडेनं चर खणला, खालून हात घालून माती ओढून काढली, वीतभर पोकळी केली, आणि त्या पोकळीवर मी घण टाकला. आवाज वेगळा आला. ठस नाही, कोरडा, भाकरी मोडल्यासारखा. एक भेग धावत गेली आणि परातीएवढा तुकडा खाली बसला. मी घण तसाच धरून उभा होतो. तिच्या बहिणीनं पदर तोंडाला लावला होता. दोन दिवस तिनं रडताना पदर तसाच धरला होता म्हणून मी पाहिलं, पण या वेळी ती हसत होती.

"आणि एक मारा, दाजी," ती म्हणाली.

याच दिवसांत भेटायला माणसं येत होती. आमच्याकडं अशा वेळी माणसं येतात, सतरंजीवर बसतात, फारसं बोलत नाहीत. काय झालं होतं हे एकदा विचारतात, मी एकदा सांगतो, मग पंख्याकडं बघणं. उठताना 'येतो' म्हणायचं नाही, हा दंडक. नुसतं उठायचं आणि जायचं, मागं न बघता. मला ते बसणं फार जड जायचं, आणि येणाऱ्यांनाही जात असणार. पण मागून घणाचा आवाज येऊ लागल्यावर माणसं सतरंजीवर टिकेनात. पाच मिनिटं बसायचे, मग कुणीतरी म्हणायचं, "मागं काय चाललंय?" आणि सगळे चपला घालून मागं.

माझ्याबरोबर ग्रंथालयात काम केलेला शिपाई आला, त्यानं शर्ट काढून खुंटीला अडकवला. एक प्राध्यापक आले, इस्त्रीच्या पँटमध्ये. त्यांनी दोन घाव मारले आणि हाताकडं पाहत म्हणाले, "वहिनींनी मला दर दिवाळीला अनारसे दिले." सतरंजीवर बसून हे वाक्य त्यांना म्हणता आलं नसतं असं मला वाटतं. कुणीही आलं की चाचा बादलीवरून जागा दाखवायचे, इथं मारा. पाचव्या दिवशी संध्याकाळी एक पूर्ण बाजू निघाली होती, आणि मी अंथरुणावर पडून उद्या कुठून सुरुवात करायची याचा विचार करत होतो.

सहाव्या दिवशी तिच्या माहेरचे एक चुलते आले. सत्तरीपलीकडचे, धोतर-टोपीतले, सगळी हयात शेतीत गेलेली. शहरात नातवाकडं उतरले होते. बसले, पाणी प्यायले, मला काही विचारलं नाही. मग मागं येऊन माझं काम बघत उभे राहिले.

"जावईबापू, घण असा धरत्यात व्हय?"

"मग कसा?"

"तुमी तर काय पेन धरल्यावाणी धरलाय. आना हिकडं."

त्यांनी टोपी काढून तिच्या बहिणीकडं दिली, हातावर थुंकले आणि घण खांद्यावरून न घेता बाजूनं फिरवून टाकला. तीन घावांत ज्या कडेवर माझी सकाळ गेली होती ती कड मोडली. चौथ्याला त्यांना धाप लागली. चाचांनी आपली बादली त्यांना दिली आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले. दोघं म्हातारे खड्ड्याकडं बघत राहिले, जशी बैलांच्या बाजारात माणसं बैलाकडं बघतात.

निघायची वेळ झाली तेव्हा चुलत्यांनी टोपी घातली, आणि उरलेल्या एका कोपऱ्याकडं बोट करून म्हणाले, "उद्या येतो. त्यो कोपरा कुनाला मारू दिऊ नका."

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. म्हाताऱ्यांच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. टोपी पुन्हा हातात आली.

"चुकलं," ते म्हणाले. "तोंडातनं गेलं, पोरी. मनात नव्हतं."

सुतकाच्या घरातून 'येतो' म्हणून निघणं म्हणजे पुन्हा अशाच कारणानं यायचं बोलावणं, असं सगळे मानतात. मला वाटलं आता तिची बहीण रडेल. ती तर नियमांची फार कडक.

ती म्हणाली, "या की, काका. कोपऱ्यासाठी या. दुसऱ्या कशासाठी नका येऊ, म्हंजे झालं."

आधी चाचा हसले, मग मी, आणि मग म्हातारेही, टोपी तोंडावर धरून. दारातून आत येणाऱ्या दोन बायका ते ऐकून तिथंच थबकल्या. सुतकाच्या घरात हसू ऐकल्यावर आत यावं की परत जावं, हे त्यांना ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी म्हातारे खरंच आले, सकाळी आठच्या आत. कोपरा आम्ही ठेवला होता.

त्या कोपऱ्याचा तुकडा बाहेर ओढून त्यावर घट्ट बसलेला मातीचा थर खरवडला, तेव्हा वरच्या बाजूला मुळं दिसली. वाळलेली, काळी पडलेली, काँक्रीटला चटईसारखी चिकटलेली. खाली जायला निघाली होती, टेकली, आडवी वळली, कडेपर्यंत गेली आणि कड वर चढलेली म्हणून परत फिरली. एकावर एक थर होता. तिची चारही झाडं तिथं होती. तिची बहीण खाली बसली आणि नखानं एकेक मूळ सुटं करू लागली.

"अक्का म्हणायची, पाणी कमी पडलं असंल," ती म्हणाली. "आणि मग आणखी घालायची."

मी तेव्हा सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, घण हातात होता.

घराचा स्लॅब टाकला त्या दिवशी मजुरांना बुंदीचं जेवण होतं आणि बायको तिकडं वाढत होती. मिक्सरवर लक्ष ठेवायला मला खुर्ची टाकून बसवलं होतं. माझ्या मांडीवर पुस्तक होतं. संध्याकाळी मिस्त्री येऊन म्हणाला, साहेब, माल लई उरलाय, कुठं टाकू? मी वर न बघता म्हणालो, टाका कुठंही. तो म्हणाला, विटा भिजवायचा खड्डा हाय मागं, त्यात टाकतो, खड्डाही बुजंल. मी पान उलटलं. कोणतं पुस्तक होतं तेही आता आठवत नाही. पुढं वर मुरूम पसरला, माती पसरली, आणि मी ते विसरलो. इतका विसरलो की लिंबू वाळलं, पेरू वाळला, तरी आठवलं नाही.

सांगून झाल्यावर तिच्या बहिणीनं हातातलं मूळ खाली ठेवलं.

"म्हंजे सतरा वर्षं माझी बहीण तुमच्या सिमिटीवर पाणी घालत होती," ती म्हणाली.

"हो."

"आणि हाताला नाव ठेवून घेत होती."

"हो."

ती उठून आत गेली. चाचा भिंतीकडं तोंड करून तंबाखू मळू लागले. चुलते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, जावईबापू, असं हुतंय," पण ते मला लागू पडलं नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता. अर्ध्या तासानं ती चहा घेऊन आली. तिनं आधी दोघा म्हाताऱ्यांना दिला, मग माझ्यासमोर कप ठेवला.

"आता जे कुणी येतील त्यांना हे सांगायचं," ती म्हणाली. "मी सांगणारच हाय. पण आधी तुमी सांगा."

मी सांगू लागलो. सतरंजीवर बसणाऱ्याला काय झालं होतं हे सांगायच्या आधी हे सांगायचो. संध्याकाळी गल्लीतल्या बायका आल्या, त्यांना मागं नेऊन मुळांचा तो तुकडा दाखवला. ज्या बाई सगळ्यात जास्त बोलायच्या त्या म्हणाल्या, "आमी आपलं म्हणायचो, बाई..." आणि त्यांनी ती मुळं हातानं चाचपली. मला शरम वाटत होती हे खरं. पण दर वेळी सांगताना छातीतलं काहीतरी मोकळं व्हायचं, आणि सांगून झाल्यावर मी पुन्हा घण घ्यायला अधीर असायचो. सतरा वर्षांत तिच्यासाठी मी इतक्या जोरानं काही केलं नव्हतं.

नवव्या दिवशी मधला एकच गड्डा उरला. सगळ्यात जाड, कढईचं बूड. पोट रिकामं करूनही तो भेगाळत नव्हता. दुपारी दादा गाडी घेऊन आला, पैठणची तयारी करायला एक दिवस आधीच. खड्ड्याच्या कडेला येऊन खाली पाहत राहिला.

"खडक म्हणालो होतो मी," तो म्हणाला.

"खडकच होता. मी केलेला."

त्याला तिच्या बहिणीनं आल्याबरोबर सगळं सांगितलं होतं. त्यानं अंगरखा काढून गाडीच्या आरशाला अडकवला आणि खाली उतरला.

चाचांनी सांगितलं, "तोडना नक्को. लुढकाओ." एका बाजूनं दोन पहारी घातल्या, दुसऱ्या बाजूनं बांबू. दादा आणि मी पहारींवर, शिपाई बांबूवर, आणि तिची बहीण पदर खोचून प्रत्येक उचलीला खाली विटा सरकवत होती. वीट, उचल, वीट. गड्डा तासाभरात कडेला आला, क्षणभर तोलला, आणि कुंपणाकडं कलंडला. दादाचा हात सालपटला होता, त्याला कळलं नव्हतं.

"अब पानी," चाचा म्हणाले.

खाली काळी माती होती, सतरा वर्षं दाबलेली, गुळगुळीत. आम्ही सहा बादल्या ओतल्या. चाचांनी पाण्याच्या पातळीला एक काडी खोचली. पाणी उतरलं तर जमीन जिवंत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही पाच जण वाकून काडीकडं बघत होतो. काडी तशीच. दादानं एकदा निंबाच्या फांदीकडं पाहिलं, जिथं गाडगी टांगली होती, आणि मी समजलो त्याच्या मनात काय आहे. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

मी चपला काढून खड्ड्यात उतरलो आणि पहार पाण्यातून सरळ खाली घातली. अंगाचा भार टाकला. ती वीतभर गेली, मग हातभर. उपसली, बाजूला पुन्हा घातली. तिसऱ्यांदा उपसली तेव्हा पाण्यात एक बुडबुडा आला, मग सरळ रेघेत पुष्कळ आले, आणि माझ्या पोटऱ्यांभोवतीचं पाणी हलू लागलं. काडी उघडी पडली. पाणी घोट्यापर्यंत आलं, मग पावलांवर चिखल उरला. खाली कुठं तरी ते चाललं होतं आणि त्याचा आवाज ऐकू येत होता. शिपायानं माझा हात धरून मला वर ओढलं, नाहीतर मी तिथंच उभा राहिलो असतो.

दहाव्याच्या सकाळी उजाडताच चाचा आले. फांदी त्यांची, पण गाडगं आमचं, म्हणून ते भिंतीपाशीच घुटमळत होते.

"मैं उतारूँ तो चलेगा?" त्यांनी दादाला विचारलं.

"आठवडाभर तुमच्याच झाडाला होती," दादा म्हणाला. "आता काय विचारता?"

राख मातीत कालवली. बादली कापून जांभूळ मुळांसकट बाहेर काढलं. बुडाशी मुळं गोल गोल फिरून दाट झाली होती, ती तिच्या बहिणीनं बोटांनी हलकेच मोकळी केली. मग प्रश्न आला की लावायचं कुणी. आमच्याकडं चांगल्या हाताचं माणूस बोलावतात. दादानं चाचांकडं पाहिलं, कारण त्यांचा निंब सगळ्या गल्लीत मोठा. चाचांनी चुलत्यांचं नाव घेतलं.

"कुणाचाच हात नको," तिची बहीण म्हणाली. "अक्कानं लावलंय ते. बी तिनं टाकलं, दोन वर्षं तिनं वाढवलं. आपण नुसती जागा बदलतोय."

आम्ही सगळ्यांनी मिळून ते खड्ड्यात उभं केलं आणि माती लोटली. दादा लहान गाडगं घेऊन गाडीत जाऊन बसला, मोठं रिकामं तिथंच फोडलं होतं. मी आळं केलं आणि पहिली बादली ओतली. पाणी मुरलं. दादानं हॉर्न दिला. पैठण लांब होतं आणि गुरुजी वेळेवर बोलावले होते. मी आणखी एक बादली ओतली आणि वाकून बघत राहिलो. दादानं दुसऱ्यांदा हॉर्न दिला नाही. ते पाणी पूर्ण उतरेपर्यंत तो थांबला.